तुम्ही विचारलंत म्हणून: भरावातले दोन पाइप

गंगाखेडला कुठल्याही लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "साहेब, आपल्याकडं पाणंदीला मुरूम मिळंना, अन् तुम्ही तिकडं चिखलातल्या झाडांसाठी रस्ता खांबावरून न्या म्हणताय. समुद्राचं आपल्याला काय?"

हा राग खरा आहे. पावसाळ्यात बाळंतिणीला खाटेवरून आणलेलं मीही पाहिलंय. तरी एकदा नीट सांगतो.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कोकणात एका खाडीपुलावर होतो. क्रेन आत न्यायला तिवरांमधून, म्हणजे तुम्ही म्हणता त्याच चिखलातल्या झाडांमधून, तात्पुरता भराव टाकायचा होता. पाइप किती आणि कुठल्या पातळीला, हे मी ठरवलं. हिशोब केला तो आपल्या ओढ्याचा: पाणी वरून येतं, खाली जातं, संपलं. 900 मिलिमीटरचे दोन पाइप, गाळानं बुजू नयेत म्हणून चिखलापेक्षा हातभर वर. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा आत येतं, दोनदा बाहेर जातं, हे मला ठाऊक होतं. हिशोबात मात्र ते कुठंच नव्हतं.

भरतीचं पाणी आत आलं. ओहोटीला ते पाइपाच्या तळापर्यंत उतरलं आणि तिथंच थांबलं. तिवराची श्वास घेणारी मुळं चिखलातून जेमतेम वीतभर वर येतात. ती बुडूनच राहिली.

खेकडे धरणाऱ्या एका आजींनी मला हाक मारली. पाण्यात हात घालून एक मूळ उपटलं, माझ्या तळहातावर ठेवलं. पेन्सिलीएवढं, काळं. दाबलं तर साल सुटून हाताला चिकटली, सडक्या अंड्याचा वास आला. म्हणाल्या, "पाणी कोंडलंय, साहेब." मी म्हणालो, भराव काढणारच आहोत. वरिष्ठांना एक पत्र लिहायचं होतं, ते लिहिलं नाही. मी नवखा होतो, काम आधीच रखडलं होतं, लिहून तरी काय झालं असतं... ही सगळी कारणं मी वर्षानुवर्षं स्वतःला दिली. पत्र लिहिलं नाही, एवढंच खरं. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत भरावाच्या आतली तिवरं उभ्या उभ्या वाळली. बाहेरची हिरवीगार होती.

म्हणून सांगतो: आधी रस्ता वळवता येतो का बघा. नसेल तर खांबावर न्या, यंत्रंही पोलादी फलाटावरून चालवा. भराव टाळताच आला नाही तर मोऱ्या रुंद आणि खाडीच्या तळाला ठेवा, आणि काम संपलं की तो मूळ पातळीपर्यंत खरवडून काढा. 2018 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानुसार कांदळवन, म्हणजे असल्या तिवरांचं जंगल, तोडायला त्या न्यायालयाची परवानगी लागते. 2019 च्या किनारा नियमांत बाधित क्षेत्राच्या किमान तिप्पट लागवड सांगितली आहे. पण पाणी कोंडलेल्या जागी लावलेलं रोपही मरतं. भरती-ओहोटी मोकळी झाली तर तिवराचं बी स्वतःच तरंगत येऊन रुजतं.

आणि समुद्राचं आपल्याला काय? ज्या गोदावरीत आपण अस्थी सोडतो, तिचा गौतमी फाटा काकिनाड्याजवळ कोरिंगाच्या कांदळवनातूनच समुद्राला मिळतो.

खांबांचा वाढीव खर्च आपल्या पाणंदीच्या पैशातून जातो का, या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यासमोर मान खाली जाते ती तिथंच.

गेल्या वर्षी त्या खाडीवर जाऊन आलो. भराव काढलाय, पण पूर्ण नाही. ओहोटीला तांबड्या मुरमाचा फूटभर थर उघडा पडतो, आणि आतलं पाणी अजून त्याच्याशी येऊन थांबतं.