साईडकारची वही: मिरज ते आंबोली आणि मधली टकटक

मीटर ४१,२८०. काटा याआधी किती वेळा फिरून आलाय ते देव जाणे.

पावसाळ्याचे चार महिने माझी साईडकार जोडलेली बुलेट घरामागच्या बोळात सांगाड्यासारखी पडून होती. फ्रेम पावडर कोटिंगला (भट्टीत भाजून चढवतात तो जाड रंग) दिली होती, ती गणपतीच्या आधी हातात आली. काळीभोर, आरशासारखी, थर चांगला जाड. मी खूष. ती परत जोडायची, साईडकार रेषेत आणायची आणि दिवाळी झाली की आईला आंबोलीला हिरण्यकेशीच्या दर्शनाला न्यायचं, एवढाच बेत होता.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाडी ८४ सालची बुलेट ३५०. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, मागच्या मालकाने १२ व्होल्ट करून घेतलेली, पण अजून पॉइंटवरच (प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणारा जुना उघडझाप करणारा स्विच) चालते. डाव्या अंगाला पत्र्याची साईडकार, तिला चेतकचं ३.५०-१० चं चाक. आरसी बुकात साईडकारची नोंद आहे, आणि घेण्याचं मुख्य कारण तेच. बिननोंदीची स्वस्तात मिळते खरी, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली तो बदल नोंदवून घेण्याच्या फेऱ्यांत ती स्वस्ताई संपते. आणि मुळात साईडकार कशाला, तर आईचे गुडघे. मागच्या सीटवर पाय टाकून बसणं तिला जमत नाही. माझी हौस त्यानंतरची. रस्त्यात दर दहा माणसांत एक जण ते दोस्तीचं गाणं म्हणतोच, त्याचं आता काही वाटत नाही.

रेषेचं काम

साईडकारचा टायर ३,००० किलोमीटरमध्ये संपला होता. संपला तोही विचित्र. हात बाहेरून आत फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर करवतीच्या दात्यांसारखा लागायचा. हे दाते दिसले की टायरला दोष देऊ नका. चाक सरळ न लोळता रस्त्यावर आडवं घासत चाललंय.

फॅब्रिकेशनवाल्याकडून अडीच मीटरच्या दोन ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या आणल्या. एक बुलेटच्या पुढच्या-मागच्या टायरला लागून, दुसरी साईडकारच्या चाकाला लागून, दोन्ही विटांवर टेकवून एका उंचीत. मग दोन नळ्यांमधलं अंतर पुढच्या चाकाच्या पुढे मोजायचं आणि मागच्या चाकाच्या मागे मोजायचं. पुढचं अंतर थोडं कमी पाहिजे, म्हणजे साईडकारचं चाक नाक किंचित आत वळवून चालतं. माझा फरक निघाला ४१ मिलिमीटर! पंधरा ते पंचवीसच्या मधे कुठेतरी बरं असतं. १९ वर आणून ठेवला.

दुसरी गोष्ट म्हणजे बुलेटचा कल. बुलेट साईडकारपासून बाहेर, म्हणजे उजवीकडे, जराशी झुकलेली हवी. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते, त्यामुळे सगळी जोडगाडी आपोआप डावीकडे घसरायला बघते. हा कल त्याला उतारा. कोनमापक नाही, म्हणून गवंड्याचा ओळंबा वापरला. उजव्या अंगाने पुढच्या रिमच्या वरच्या कडेला दोरी टेकवली, खालच्या कडेपाशी दोरी आणि रिममध्ये १२ मिलिमीटर. दीडेक अंश झाला. पुरे.

ही सगळी मापं वजन ठेवून घ्यायची असतात. रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप माणूस बसला की बदलतं, कारण स्प्रिंगा दबतात. मी साईडकारमध्ये तांदळाची दोन पोती ठेवत होतो, तेवढ्यात आई बाहेर आली.

"आरं, मला बसवायचं सोडून तांदूळ बसवतोयस व्हय?"

मग ती मेथीची जुडी घेऊन आत बसली आणि मी ओळंबा लावेपर्यंत अख्खी जुडी निवडून झाली. बुलेटवर माझ्या जागी शेजारचा पोरगा बसवला. त्याचं वजन माझ्यापेक्षा वीस किलोने कमी, पण आणखी कोण मिळणार.

इतर देखभाल

इंजिनचं फार काही नाही. ऑईल २०डब्ल्यू५० बदललं. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची फट) थंड इंजिनवर लावले: पुशरॉड दोन बोटांनी फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. पॉइंटची फट ०.४० मिलिमीटर. कंडेन्सर (पॉइंट उघडताना तिथला करंट गिळणारी छोटी डबी) बघितला, बरा दिसला. (कंडेन्सर बघून कळत नाही. हे मला माहीत होतं.)

चेनबद्दल मात्र सांगायलाच हवं. बुलेटची मागची चेन डावीकडे, प्रायमरी चेनकेसही (इंजिन ते क्लचच्या चेनचं घर) डावीकडे, आणि साईडकारही डावीकडेच. म्हणजे चेनला तेल द्यायचं तर बुलेट आणि साईडकारच्या मधल्या फटीत पोटावर सरपटत जायचं. पॉइंट, टायमिंग कव्हर, ऑईलचं सगळं उजवीकडे मोकळं, तेवढीच कृपा. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या गोगलगाईसारख्या कॅमचे खाचे मोजून सारखेच पुढे घ्या. एक खाच इकडे-तिकडे झाली तर मागचं चाक तिरकं होतं आणि नळ्या लावून केलेलं सगळं काम वाया जातं. एकट्या बुलेटला हे खपतं, जोडगाडीला खपत नाही.

मीटर ४१,३९०: निघालो

नोव्हेंबरची सकाळ, मिरजेहून सहाला. कोल्हापूर, निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली असा रस्ता. पुढच्या स्प्रॉकेटला दोन दात कमी केलेत, त्यामुळे ताशी पन्नासला गाडी निवांत असते आणि साठला ओरडायला लागते. हात बसलेला होता: गॅस दिला की डावीकडे ओढ, ब्रेक मारला की उजवीकडे, कारण ब्रेक फक्त बुलेटला आहेत आणि साईडकार आपल्याच नादात पुढे जायला बघते. डावं वळण दिसलं की आधीच वेग कमी. रिकाम्या साईडकारचं चाक डाव्या वळणावर उचललं जातं, म्हणून एकटा असलो की तीस किलो वाळूचं पोतं आत असतं. आज आई होती, पोतं घरी.

निपाणी सुटल्यावर आई म्हणाली, "हितं पायाखाली काहीतरी टकटक करतंय."

"डब्याचं झाकण असेल."

डबा तिने मांडीवर घेतला. पाचेक किलोमीटरनंतर परत: "डबा न्हाई. खड्डा आला की वाजतंय."

मला हेल्मेटमधून इंजिनशिवाय काही ऐकू येत नव्हतं. शिवाय गाडी डावीकडे जरा जास्तच ओढत होती, हँडल पस्तीसच्या आसपास थरथरायला लागलं होतं, तेही मी रस्त्याच्या उतारावर ढकललं. उत्तूरच्या पुढे चढाला तिसऱ्यावर घेतली, इंजिन तापलं आणि दोन फटाके काढून बंद पडलं.

इथून पुढचा पाऊण तास मी वाया घालवला. टाकीखालची नळी काढली, पेट्रोल धो धो येत होतं. तरीही कार्बोरेटर उघडला, कारण हाताला तीच सवय आहे. मेन जेट काढून फुंकला आणि गवतात पाडला. आईने शोधून दिला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिची नजर माझ्यापेक्षा बरी आहे. जेट बसवला, ॲम्पीटरचा काटा बघून पिस्टन कॉम्प्रेशनच्या जरा पुढे आणला, किक मारली. सुरू. दहा मिनिटं चालली आणि परत बंद.

गरम झाल्यावर मरते, थंड झाली की उठते, पेट्रोल आहे. हे तिन्ही एकत्र आलं की कॉईल (प्लगसाठी विजेचा दाब वाढवणारी) किंवा कंडेन्सर, असं ही वही वाचणाऱ्याच एका जुन्या जाणत्याने मला शिकवलं होतं आणि मी विसरलो होतो. पॉइंटचं झाकण काढलं, इग्निशन चालू ठेवून स्क्रूड्रायव्हरने पॉइंट उघडले. ठिणगी नावाला दिसायला हवी. इथे चट्ट आवाज करत निळी, जाडजूड ठिणगी पडत होती, दिवसाउजेडी दिसेल अशी. जो करंट कंडेन्सरने गिळायचा तो पॉइंटवर जळत होता आणि प्लगपर्यंत काही पोचतच नव्हतं. प्लग काढून इंजिनला टेकवून बघितला तर ठिणगी पिवळी आणि मरतुकडी.

स्पेअर होता का? होता. मिरजेत, कपाटात, नव्या पॉइंटच्या डबीत.

वीस मिनिटं झाडाखाली, दहा मिनिटं रस्त्यावर, असं तीन टप्प्यांत आजरा गाठलं. दोन स्कूटरवाले पेट्रोल हवंय का विचारून गेले. एका आजोबांनी साईडकारमध्ये वाकून आईला विचारलं, "नवं हाय का जुनं?" आई म्हणाली, "पोराएवढं."

आजऱ्यात

बुलेटचं दुकान बंद होतं. स्कूटर दुरुस्तीचं एक उघडं होतं, आणि तिथल्या मामांकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेल्या तीस वर्षांतले पॉइंट, रोटर, कंडेन्सर, काय वाट्टेल ते होतं. बजाज सुपरचा एक कंडेन्सर निघाला. जागेवर बसणार नाही, पण बसायची गरजही नसते. कंडेन्सर पॉइंटच्या जोडीला लागतो, कुठे बसलाय याला फारसं महत्त्व नाही. मामांनी त्याची वायर कॉईलच्या पॉइंटकडे जाणाऱ्या टर्मिनलला जोडली, अंग कॉईलच्या ब्रॅकेटच्या बोल्टखाली घट्ट आवळलं, आणि आतल्या जुन्याची वायर सोडवून टेप गुंडाळली. जुना तसाच ठेवला आणि तो शॉर्ट झाला तर नवा असून नसल्यासारखा, म्हणून हे सोडवणं विसरू नका. पॉइंटवरचा जळका काळेपणा कानशीने हलकेच काढला. पहिल्या किकला सुरू. तीस रुपये मागितले, पन्नास दिले.

मी पाकीट खिशात ठेवतोय तोवर आई मामांना म्हणाली, "हितलं टकटक तेवढं बघता का? ह्यो न्हाई बघत."

मामांनी साईडकारचं नाक धरून हलवलं. बुलेट हलली नाही. साईडकार हलली. साईडकार बुलेटला धरून ठेवणारा पुढचा खालचा क्लॅम्प, फ्रेमच्या उतरत्या नळीवरचा, बोटभर खाली घसरला होता. बोल्ट सोडून बघितला तर आत पावडर कोटिंग पिठासारखं चुरून निघालेलं. क्लॅम्प लोखंडावर नव्हताच, रंगाच्या थरावर होता. थर दबला, फट पडली, बोल्ट सैल झाला. त्यामुळे चाकाची रेषा बिघडली, ओढ वाढली, हँडल थरथरलं, सगळं तिथूनच. कोटिंगला देताना क्लॅम्पच्या जागा टेपने झाकून द्या एवढं सांगायचं माझं काम होतं. सांगितलं नाही.

इंजिन जास्त तापलं ते साईडकार घासत ओढल्यामुळे, आणि म्हणून कंडेन्सर गेला, असं दोन्ही जोडायचा मोह होतो. पण कंडेन्सर निदान चौदा वर्षांचा होता. तो कुठेतरी मरणारच होता.

नळीवरचा रंग कानशीने आणि पॉलिश पेपरने लोखंडापर्यंत काढला. पाना मात्र जपून, माझ्या गाडीचे काही नट इंचीतले आहेत आणि चौदाचा पाना त्यांची टोकं गोल करून ठेवतो. नळ्या घरी होत्या, म्हणून टायरांना सुतळी ताणून रेषा लावली. फरक २० च्या आसपास आला, सुतळीने याहून बारीक जमत नाही. आई या वेळीही आत बसून होती, फक्त मेथी नव्हती.

आंबोलीला पोचायला दुपारचे तीन. दर्शन झालं. गाडी सरळ चालली, हँडल शांत, आणि आईने एकदाही पायाखाली बघितलं नाही.

मीटर ४१,७१५: घरी

येताना साईडकारच्या चाकात खिळा. चेतकच्या चाकाचा हा एक फायदा: मारुती ८०० चा छोटा जॅक आणि लाकडाची फळी सोबत असते, स्टेपनी पाच मिनिटांत लागली. घरी येऊन रिमचे दोन अर्धे सोडले, आणि हे नव्यांनी वाचून ठेवा: ट्यूबमधली सगळी हवा काढल्याशिवाय ते नट सोडायचे नाहीत. नाहीतर शेवटच्या नटाला रिमचा अर्धा भाग तोंडावर येतो.

चारही क्लॅम्पखालचा रंग आता काढलाय. बोल्ट आवळून प्रत्येकावर, बोल्टपासून क्लॅम्पपर्यंत, पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली. शंभर किलोमीटरनंतर बघितलं, तीन रेघा जिथल्या तिथे, मागच्या वरच्या क्लॅम्पची केसभर सरकली. परत आवळला. बुलेटचा कंडेन्सर मागवलाय, तोपर्यंत सुपरचाच बाहेर लटकतोय आणि तक्रार काही नाही. नवा आला तरी हा काढणार नाही, वायर सोडून जागेवरच ठेवणार.

आईने तिच्या बाजूला वेगळा हॉर्न मागितलाय. वायर ओढून ठेवली आहे. बटण कुठे लावायचं यावर अजून एकमत नाही.