नानकटाईची नोंद: वाटी बाजूला, काटा पुढे

मूळ प्रमाण, सगळं ग्रॅममध्ये: मैदा १००, बेसन २५, बारीक रवा २५, घट्ट रवाळ साजूक तूप ९०, पिठीसाखर ८०, खायचा सोडा ०.६, वेलची-जायफळ पूड १, चिमूटभर मीठ. २२ ग्रॅमचा गोळा धरला तर चौदा नानकटया होतात. ओव्हन १५ मिनिटं आधी तापवून १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. पुढचे सगळे घाणे याच प्रमाणावरचे, दर वेळी एकच गोष्ट बदलून.

घाणा १: पीठ कपाने. २४० मिलिच्या कपात चाळलेला मैदा चमच्याने हलका भरून सपाट केला तर १२० ते १२५ ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून भरला की १४५ ते १५०. म्हणजे मापणाऱ्याच्या हातावर वीस टक्के फरक. या घाण्यात मैदा, बेसन, रवा मिळून १५० ऐवजी १८० ग्रॅम पडलं, तूप मात्र ९०च राहिलं. पिठाच्या ६० टक्के असायला हवं ते ५० टक्क्यांवर आलं. गोळा वळेना, भुगा होऊ लागला. अशा वेळी हात दुधाकडे जातो आणि खरी चूक तिथेच होते. पाणी मिळालं की मैद्यातलं ग्लुटेन (पीठ चिवट करणारं प्रथिन) जागं होतं आणि नानकटाई दाताखाली कडक लागते. भुगा होत असेल तर पाच-पाच ग्रॅम तूपच वाढवावं.

घाणा २: तूप पातळ करून. वजन तेच ९०, तरीही नानकटया पसरून चपट्या झाल्या, कागदावर तेलकट डाग. घट्ट तूप साखरेबरोबर फेसलं की त्यात हवा अडकते. पातळ तुपात अडकायला जागाच नाही. मळलेलं पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलं तर पसरणं कमी होतं, पण न फेसलेली हवा कुठून येणार? तूप आणि पिठीसाखर परातीत तळहाताने ८ ते १० मिनिटं, रंग पांढरट होईपर्यंत फेसायचं. मे महिन्यात तूप घट्ट राहतच नाही, तेव्हा परातीखाली बर्फाच्या पाण्याचं पातेलं. पीठ घातल्यावर मळायचं नाही, फक्त गोळा करायचं.

घाणा ३: तुपाऐवजी खारं बटर. बटरमध्ये स्निग्धांश साधारण ८० टक्के, म्हणून ९० ग्रॅम तुपाला ११२ ग्रॅम बटर घेतलं. हिशेब जुळला, नानकटाई नाही जुळली. त्याबरोबर १८ ग्रॅमच्या आसपास पाणी आलं आणि परत तोच कडकपणा. मीठही दोनेक ग्रॅम येतं, त्यामुळे वरचं मीठ वगळावं. दुधाच्या घटकांमुळे रंग लवकर चढतो. चव बिस्किटासारखी छान लागते, पण तिला नानकटाई म्हणवत नाही. हे बटर कढवून वापरलं तर प्रश्न सुटतो. मात्र मग आपण तूपच केलेलं असतं.

घाणा ४: खोबरेल तेल. हेही जवळपास निव्वळ स्निग्ध, म्हणून वजन तेच ९०. ते २४ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे पुण्यात जानेवारीत आयतं घट्ट मिळतं, कोकणात ते फ्रीजमध्ये थिजवावं लागतं. हाताच्या उबेनेही सुटतं, चमच्यानेच फेसावं. सूर्यफुलाचं तेल पूर्ण बदली म्हणून चालत नाही, ते फेसलंच जात नाही.

घाणा ५: सोडा. इथे घरचा काटा हात टेकतो. एक ग्रॅमच्या पटीत मोजणाऱ्या काट्यावर ०.६ ग्रॅम दिसतच नाही. उपाय: ५ ग्रॅम सोडा ४५ ग्रॅम मैद्यात मिसळून तीनदा चाळायचा, या मिश्रणाच्या ६ ग्रॅममध्ये ०.६ ग्रॅम सोडा येतो (मूळ मैद्यातून ५ ग्रॅम कमी करा). चमच्यानेच मोजायचं तर ५ मिलिच्या सपाट चमच्याचा आठवा भाग. मुद्दाम दुप्पट घालून पाहिला: भेगा मोठ्या, रंग तपकिरी, जिभेवर साबण.

आंबटपणासाठी चमचाभर दही घालायची पद्धत आहे. दह्यात लॅक्टिक आम्ल एक टक्का धरलं तर ०.६ ग्रॅम सोड्याला जवळजवळ ६५ ग्रॅम दही लागेल. तेवढं घातलं तर केक होईल. एका चमच्याने सोड्याचा जेमतेम बारावा हिस्सा शमतो, पाणी मात्र पिठात जातं. त्यापेक्षा सोड्याऐवजी २ ग्रॅम बेकिंग पावडर बरी, तिच्यात आम्ल आधीच असतं. ब्रिटनमधल्या मंडळींनी सेल्फ-रेझिंग पीठ (बेकिंग पावडर आधीच मिसळलेला मैदा) वापरलं तर सोडा, पावडर दोन्ही वगळावं.

साखरेचं थोडक्यात: या पिठात विरघळायला पाणीच नाही, त्यामुळे जाडसर राहिलेला कण शेवटपर्यंत कण राहतो. मिक्सरमधून काढून बारीक चाळणीने चाळा आणि वजन चाळल्यानंतर करा. तयार आयसिंग शुगरमध्ये बहुधा कॉर्नफ्लोअर असतं, त्याने पीठ किंचित कोरडं होतं. गूळ पावडर वजनाला वजन चालते, पण ओव्हन १५० अंशांवर ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी नानकटाई मऊ पडेल हे धरून चाला.

भाजणं ओळखायचं ते तळावरून. तळाची कड फिकट सोनेरी, वरचा भाग पांढराच. गरम असताना बोटाला मऊ लागते म्हणून परत आत ढकलू नये, १५ मिनिटं ट्रेमध्येच राहू द्यावी.

पुढचा घाणा कणकेचा: मैदा ५०, कणीक ५०, तूप ९५. कोंडा तूप शोषतो, म्हणून ५ ग्रॅम आधीच वाढवून धरलं आहे. दूध नाही.