आमच्या गायरानापुढे लिहिलेलं ‘पडीक’

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या आमच्या गावाला साठ एकर गायरान आहे. १ मेच्या ग्रामसभेत तिथं झाडं लावायचा आराखडा वाचून दाखवला, तेव्हा मीही हात वर केला होता. रोजगार हमीचं काम मिळणार, उघडा माळ हिरवा होणार, नको कोण म्हणेल? जमिनीच्या प्रकारापुढे लिहिलं होतं ‘पडीक’. पाहणी एप्रिलमध्ये झालेली. एप्रिलात आमचा माळ बघणारा दुसरं काय लिहिणार!

मी गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत आहे. २००२ च्या कायद्यानं ग्रामपंचायतीला ही समिती नेमावी लागते आणि लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यापक्ष्यांची नोंद, तिनं करायची असते. आमची वही चाळली तर आंबा, चिंच, कडुलिंब सगळं होतं, गवताचं एक नाव नव्हतं. पाऊस लागल्यावर ती वही घेऊन मी धनगरवस्तीवर गेले. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडलेले वाडे, म्हणजे धनगर कुटुंबांचे तांडे, पावसाच्या तोंडाला माघारी येतात. म्हणजे पाहणीला आणि १ मेच्या सभेला, ज्यांचं पोट या माळावर आहे तेच गावात नव्हते. हे मला आधी सुचलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

वस्तीवरल्या आजी माझ्याबरोबर माळ फिरल्या. खाली वाकून गवताची एक काडी उपटली आणि म्हणाल्या, “सूनबाई, ह्यो पवन्या. मेंढरू आधी ह्येच खातं, म्हणून ह्योच आधी संपतो. मागं उरती ती कुसळी.” कुसळी कोवळी असतानाच चारायची, एकदा कुसळं धरली की ती लोकरीतून कातडीत शिरतात. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी काठी आडवी घालून मला थांबवलं. पायाशी माळटिटवीची चार अंडी होती. घरटं असं काही नाहीच, नुसत्या मुरमात, खड्यांच्या रंगाची. आराखड्याच्या नकाशातले लागवडीचे चर याच उतारावरून जाणार होते.

ओळखीच्या एका प्राध्यापकांनी मला परिसंस्था दृष्टिकोन समजावून सांगितला: जमीन, पाणी, जीव आणि माणसं एकत्र धरून निर्णय घ्यायची रीत. जैवविविधता करारातल्या देशांनी २००० साली नैरोबीत त्याची १२ तत्त्वं मान्य केली. निर्णय शक्य तितक्या खालच्या पातळीवर व्हावा, स्थानिकांचं ज्ञान धरावं, एका जागेच्या कामाचा शेजारच्या जागेवर काय परिणाम होईल ते आधी बघावं. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हे शेजारचं तत्त्व. लागवड केली की काही वर्षं चराईबंदी. मग आमची मेंढरं शेजारच्या गावाच्या माळावर जाणार, तो माळ उघडा पडणार आणि भांडणं होणार ती वेगळीच. शिवाय याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे पाचशेच्या आतबाहेर. एवढ्या पाण्यावर आणि वीतभर मातीवर गवत उभं राहतं, दाट झाडी नाही.

आराखडा बदलून मागायला कार्यालयात तीन खेपा झाल्या. दर वेळी एकच उत्तर, ग्रामसभेचा ठराव आणा.

१५ ऑगस्टची सभा चार तास चालली. मजुरीवर जाणाऱ्या बायका उठल्या. “गवताचं नाव सांगून आमचा रोज बुडवू नका ताई,” असं एकीनं तोंडावर सांगितलं, आणि ते खरंच होतं. त्यावर मार्ग निघायला वेळ लागला. शेवटी झाडं ओढ्याच्या काठानं लावायची ठरली: बाभूळ, हिवर, बोर, लिंब. मजुरी त्यात आणि बांधबंदिस्तीत. मधल्या माळावर चर नाहीत. धनगरांनाही सोडावं लागलं. गायरानाचे तीन तुकडे करून, बी झडेपर्यंत म्हणजे दिवाळीपर्यंत एक तुकडा बंद ठेवायचा, आळीपाळीनं. यालाच सगळ्यात जास्त विरोध झाला. आजींनी आपल्या मुलाला सगळ्यांसमोर गप्प बसवलं, तेव्हा कुठं ठराव झाला.

सुधारलेला आराखडा २६ जानेवारीच्या सभेत वाचला. छापील नमुन्यात गवताळ माळासाठी रकानाच नाही, म्हणून शेऱ्यात लिहून घेतलं: ‘चराऊ गवताळ माळ, वापर हंगामी’. नोंदवहीत आता गवतांची अकरा नावं आहेत, सगळी वस्तीवरून आलेली.

बंद ठेवलेल्या तुकड्यात यंदा पवन्या दोनच ठिकाणी दिसला. तोच तुकडा आणखी एक वर्ष बंद ठेवायचा का, हे १५ ऑगस्टला ठरेल. तेव्हा वाडे गावात असतात.