खिडकीबाहेर धरलेला रिसीव्हर

१९९४ च्या दहावी ‘ब’ ची मी. स्मरणिकेसाठी लिहायला बसले आणि डोळ्यांपुढे आला तो जिन्याजवळचा भित्तिपत्रकाचा फळा.

आठवीत असताना ओढ्याला पूर आला. मी बातमी लिहिली, ‘ओढ्याने रौद्र रूप धारण केले.’ इतिहासाच्या बाईंनी विचारलं, “तू गेली होतीस ओढ्यावर?” गेले नव्हते. बाई रागावल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी मला क्लेअर हॉलिंगवर्थची गोष्ट सांगितली.

इंग्लंडची २७ वर्षांची मुलगी. ‘डेली टेलिग्राफ’ या वर्तमानपत्रात बातमीदार म्हणून लागून आठवडाही झाला नव्हता. २८ ऑगस्ट १९३९ ला पोलंडमधल्या काटोवित्सेहून तिथल्या ब्रिटिश राजनैतिक अधिकाऱ्याची मोटार मागून घेऊन ती जर्मन हद्दीत शिरली. येताना रस्त्याकडेला तरटाचे उंच पडदे लावलेले. वाऱ्याने ते उडाले आणि खाली रणगाडेच रणगाडे! दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: पोलंडच्या सीमेवर हजार रणगाडे. महायुद्ध १ सप्टेंबरला सुरू झालं, एवढं आमच्या पुस्तकात होतं. त्या पहाटे तिने फोनवर हल्ल्याची खबर दिली, पण वॉर्सातल्या ब्रिटिश वकिलातीतल्या माणसाला ते खरं वाटेना, तेव्हा बाहेरचा आवाज ऐकवायला तिने टेलिफोनचा रिसीव्हरच खिडकीबाहेर धरला.

मला त्याच्या आधीचं जास्त मोलाचं वाटतं. नाझींच्या तावडीतून निसटलेल्या हजारो लोकांना ब्रिटनचे व्हिसा मिळवून द्यायला ती त्याच भागात राबली होती. सीमेवरची माणसं तिच्या ओळखीची होती, म्हणून तिला तिथे काय बघायचं ते कळलं. पुढे बायका आघाडीवर नकोत म्हणून ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीने तिला परत पाठवलं, तर ती अमेरिकन सैन्याबरोबर गेली. मग अल्जीरिया, व्हिएतनाम, चीन.

त्या संध्याकाळी मी ओढ्यावर गेले. देवळाच्या सात पायऱ्यांपैकी चार पाण्याखाली होत्या. तेवढंच लिहिलं. बाईंनी ते फळ्यावर लावलं.

आज मी बातमीदार आहे. जानेवारी २०१७ मध्ये क्लेअर हाँगकाँगला वारल्या, १०५ वर्षांच्या होऊन. वाचलं तशी बाईंना फोन लावला. बाई थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “या वेळी नाव छापलंय ना गं?”

१९३९ च्या त्या बातमीवर तिचं नाव नव्हतं.

“मथळ्यातच आहे, बाई,” मी म्हटलं.