पहिला अंगठा

नागपुरात एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीच्या रुग्णांना औषधं देणाऱ्या केंद्रावर, काम करताना पीएच.डी.चा विषय मला शोधावा लागला नाही. पूर्वी आमची माणसं क्षयाने जायची. आता गोळ्या नियमित, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला, वजन भरलेलं, आणि पंचेचाळिशीत हार्ट अटॅक! विषाणू दबला तरी शरीरात बारीक सूज धुमसत राहते, रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं. वर बिडी. डेन्मार्कमधला 2013 सालचा अभ्यास वाचला आणि झोप उडाली. उपचार घेणाऱ्या 35 वर्षांच्या रुग्णाचं आयुष्य एचआयव्हीने साधारण 5 वर्षं घटतं, धूम्रपानाने 12.

रुग्णांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिमत्ता समितीने तंबाखू आणि हृदयावरचा माझा प्रस्ताव दोनदा परत पाठवला. पहिल्या वेळी माझा प्रश्नच चुकला होता. ‘धूम्रपान करता का?’ असं मी लिहिलं होतं. एका सदस्याने विचारलं, ‘आणि खर्रा?’ मी गप्प. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकमध्ये घोटलेली पुडी खिशात ठेवून माणूस खुशाल ‘नाही’ म्हणेल, आणि खोटंही बोललेला नसेल. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्रही त्याला पकडणार नाही, कारण तिथे धूरच नाही. निकोटिन मात्र नाडी आणि रक्तदाब वाढवतंच. मग बिडी, सिगारेट, खर्रा, नुसती तंबाखू असे वेगवेगळे प्रश्न केले.

दुसरी हरकत साक्षीदाराची, आणि ती खरी अवघड. ज्याला लिहितावाचता येत नाही त्याचा संमतीपत्रावर अंगठा घ्यायचा, तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षर साक्षीदार समोर हवा. नियम रुग्णाच्याच भल्याचा आहे. पण आमचा माणूस बायकोलाही न सांगता, गाव सोडून दूरच्या केंद्रावर येतो. तो साक्षीला कोणाला आणणार? 2017च्या एचआयव्ही कायद्याने त्याची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. शेजारी नको, नातेवाईक नको, रांगेतला दुसरा रुग्ण तर नकोच. साक्षर नसलेल्यांना वगळा, असा सल्लाही मिळाला. तो मी मानला नाही. बिडी ओढणारे निम्मे तिथेच गळले असते, असं मला वाटत होतं. शेवटी रुग्णालयातल्या एक समाजसेविका साक्षीला तयार झाल्या. माझ्या अभ्यासाशी त्यांचा संबंध नव्हता आणि गुप्तता त्यांच्या कामातच होती. रुग्णाने आधी त्यांना होकार द्यायचा, मगच त्या खोलीत येणार, हेही लिहून दिलं. फोनवरून पाठपुरावा करायचा तर घरच्यांनी उचलल्यास काय बोलायचं, हे वाक्यही समितीकडून मंजूर करून घेतलं. मंजुरीला सात महिने लागले.

पहिला सहभागी भंडाऱ्याकडचा, बिड्या वळणाऱ्या घरातला. ‘मोठी बिमारी तर लागलीच हाये सिस्टर, बिडीचं काय घेऊन बसल्या?’ मी त्याला हृदयाचं चित्र काढून दाखवलं. बराच वेळ पाहत राहिला. यंत्रात फुंकला, आकडा विचारला, पुन्हा फुंकला. मग समाजसेविका ताईंना आत बोलवा म्हणाला.

अंगठा दिल्यावर मात्र तो उठेना. शाईकडे बघत म्हणाला, ‘घरी विचारतीन, अंगठा कुठं दिला म्हणून.’

प्रस्तावाच्या पानांत हे कुठेच नव्हतं. मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि नखाच्या कडेपर्यंत त्याचा अंगठा पुसून दिला. त्या दिवसापासून शाईच्या पॅडशेजारी स्पिरिटची बाटली असते.