शेवटच्या बसपासून उलटं मोजायचं

बेळगावातल्या कॉलेजचं वर्ष कागदावर जूनपासून सुरू होतं, पण खरी धावपळ गणपती उठले की. मग युवा महोत्सव, एनसीसीचा कॅम्प, एनएसएसचं शिबिर, एकांकिका स्पर्धा, थंडीतली गावोगावची साहित्य संमेलनं आणि शेवटी कॉलेजचं गॅदरिंग. यात शहरात राहणाऱ्याला फारशी अडचण नसते. अडचण असते ती खानापूर, जांबोटी, कडोली, उचगावकडून रोज ये-जा करणाऱ्यांची. त्यांच्यासाठी नियम एकच: कार्यक्रम किती वाजता सुरू होतो ते नंतर बघायचं, आधी गावची शेवटची बस किती वाजता सुटते ते बघायचं आणि तिथून मागं मोजत यायचं.

समजा गावची शेवटची बस मध्यवर्ती बसस्थानकातून सव्वाआठला सुटते. कार्यक्रम टिळकवाडीतल्या कॉलेजात आहे. संध्याकाळच्या गर्दीत तिथून स्थानक गाठायला सिटी बस किंवा रिक्षानं अर्धा-पाऊण तास धरावा, आणि वाटेत दुसरं रेल्वे गेट पडलेलं असलं तर आणखी दहा मिनिटं. म्हणजे सात-वीसला कॉलेजच्या गेटबाहेर पडायचं. मेकअप पुसायला, कपडे बदलायला आणि भाड्याच्या फेट्याचा हिशोब द्यायला वीस मिनिटं. थोडक्यात, सातला तुमचा नंबर संपलेला हवा. आयोजकांना हे आधी सांगितलं तर ते क्रम बदलून देतात. स्टेजच्या मागं उभं राहून सांगितलं तर कुणी ऐकत नाही, आणि त्यांचंही बरोबरच असतं.

खानापूर रस्त्याच्या पोरांना एक सोय आहे. खानापूरची बस गोगटे सर्कल, आरपीडी कॉर्नरवरून पुढं पिरनवाडी, मच्छेकडे जाते, त्यामुळं उलटं स्थानकावर जायची गरज नाही. जांबोटी-कणकुंबीची बसही पिरनवाडीपर्यंत त्याच रस्त्यानं येते आणि तिथून वळते. पण गल्लत इथंच होते. शेवटची बस स्थानकातच भरते आणि मधल्या थांब्यावर ड्रायव्हर हात दाखवून निघून जातो. म्हणून शेवटून दुसरी बस थांब्यावर पकडावी, शेवटची पकडायची असेल तर स्थानकात जाऊनच बसावं. ग्रामीण बसच्या पाट्या बहुतेक कन्नडमध्ये असतात. नव्यानं आलेल्यानं आपल्या गावाच्या नावाचं कन्नड अक्षरांतलं चित्र पाठ करून ठेवावं, दोन दिवसांत जमतं. आणि कंडक्टरला "लास्ट बस एष्ट गंटेगे री?" (शेवटची बस किती वाजता?) एवढं विचारता आलं की निम्मं काम झालं. वेळ रोज विचारावी, कारण रविवारी आणि अमावास्येच्या जत्रेला गाड्या वळवलेल्या असतात. भिंतीवरचं वेळापत्रक तेव्हा उपयोगाचं नसतं.

विद्यार्थी पास कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवरून निघतो. घर ते कॉलेज या ठरलेल्या मार्गापुरताच तो असतो, त्यामुळं स्पर्धेला दुसरीकडे जाताना तिकीट काढावंच लागतं. मुलींना जून २०२३पासून शक्ती योजनेत कर्नाटकच्या साध्या आणि एक्सप्रेस बसमधून फुकट प्रवास आहे, पण ओळखपत्रावरचा पत्ता कर्नाटकातला हवा. शिनोळी-चंदगडकडून बेळगावला शिकायला येणाऱ्या मुलींचं आधार महाराष्ट्राचं असतं, त्यांना याचा उपयोग नाही. शून्य रुपयाचं असलं तरी तिकीट घ्यायचंच आणि उतरेपर्यंत हातात ठेवायचं. योजना राज्याच्या हद्दीपुरती आहे, कोल्हापूरच्या तिकिटाला ती लागत नाही. म्हणून मुलींच्या संघानं कोल्हापूरला जाताना निपाणीची बस धरावी आणि निपाणीहून एसटी. महाराष्ट्रात एसटीला महिलांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहे, तेही त्यांच्या हद्दीपुरतं. एक बदल वाढतो, पण चौदा जणींचा खर्च बराच खाली येतो.

आता हजेरी. ७५ टक्क्यांचा नियम सगळ्यांना माहीत असतो, हिशोब कुणी करत नाही. एका विषयाचे आठवड्याला चार तास, पंधरा आठवडे, म्हणजे ६० तास. ४५ भरले पाहिजेत, १५ बुडवता येतात. एनसीसीच्या दहा दिवसांच्या कॅम्पात सहा गेले. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात चार. युवा महोत्सवाच्या तीन दिवसांत दोन. उरले तीन. त्यानंतर पावसाळ्यात कणकुंबीकडची बस दोन दिवस आली नाही किंवा ताप आला, की संपलं. ऑन ड्युटी, म्हणजे कॉलेजच्या कामानं बुडलेल्या तासांची हजेरी, मिळते, पण ती आपोआप मिळत नाही. जायच्या आधी अर्ज, आल्यावर सहभागाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स, आणि प्रत्येक विषयाच्या सरांची वेगळी सही. वर्गशिक्षकांची एक सही घेऊन मोकळं होणारे सत्राच्या शेवटी ऑफिसच्या खिडकीत उभे दिसतात. प्रॅक्टिकलचं तर ऑन ड्युटीनंही भागत नाही. प्रयोग भरून काढावा लागतो, तो कधी ते लॅबच्या सरांना जायच्या आधीच विचारून ठेवावं.

एकांकिका घेऊन बाहेरगावी जाणं हा यातला सगळ्यात किचकट प्रकार. माणसं बारा-चौदा, सामान तीस जणांचं. कोल्हापूरसाठी रस्ता बरा, साधारण ११० किलोमीटर. रेल्वेनं जायचं तर बहुतेक वेळा मिरजेला गाडी बदलावी लागते. सांगली, पुण्यासाठी मात्र रेल्वे सोयीची. ऑनलाइन एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणून चौदा जणांची तीन तिकिटं होतात आणि डबे वेगळे लागू शकतात. सामान सांभाळणारे दोघं एकाच तिकिटावर ठेवावेत. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, स्पर्धेची तारीख मात्र तीन आठवडे आधी कळते. म्हणजे बहुतेक वेळा तात्काळ, आणि त्यात एका तिकिटावर चारच नावं, म्हणजे चौदा जणांची चार तिकिटं. स्लीपरचं तात्काळ आदल्या दिवशी अकराला उघडतं, आणि त्या वेळी कुणाचा तरी तास चालू असतोच. भाड्याची क्रूझर केली तर पिवळ्या पाटीचीच करावी आणि महाराष्ट्रात जायचा परवाना आहे का ते निघायच्या आदल्या दिवशी विचारावं. कोगनोळीच्या पुढं गाडी अडकली की स्पर्धेतला नंबर जातो.

नेपथ्याचे आठ बाय चार फुटांचे फ्लॅट, म्हणजे उभ्या चौकटी, क्रूझरच्या टपावर वाऱ्यानं हलतात आणि सुतळी तोडतात. त्यापेक्षा चार बाय चारचे दोन तुकडे बिजागरीनं जोडावेत, उघडले की एक फ्लॅट. लेव्हल, म्हणजे स्टेजवर ठेवायचे चौथरे, नेऊ नयेत, तिथल्या नाट्यगृहात मिळतात का ते फोनवर विचारावं आणि उंचीही विचारावी. पुष्कळ ठिकाणी स्टेजवर खिळा मारू देत नाहीत, त्यासाठी मागून टेकू आणि वाळूच्या पिशव्या. पिशव्या रिकाम्या न्याव्यात, वाळू तिथं शोधावी.

खरी फजिती संगीतात होते. फाइलींची नावं देवनागरीत असली तर काही यंत्रांवर नुसते चौकोन दिसतात, आणि ऑपरेटर पावसाच्या जागी सनई लावतो. नावं ०१, ०२, ०३ अशी आकड्यांनी, साध्या एमपी३मध्ये, दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर. फोनवरून वाजवायचं तर विमान मोड, नाहीतर ऐन मरणाच्या प्रसंगात कुणाच्या तरी आईचा फोन स्पीकरवर वाजतो. नव्या फोनना हेडफोनची गोल पिन बसत नाही, त्याचा जोड बरोबर हवा. प्रकाशयोजनेच्या कागदावर "इथं निळा" असं लिहून चालत नाही, त्या आधीच्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द लिहावेत. तिथला माणूस तुमची एकांकिका पहिल्यांदाच बघत असतो. बोनाफाईडवरची नावं आणि ओळखपत्रावरची नावं अक्षरनअक्षर जुळली पाहिजेत. इथं निम्म्यांच्या नावाची कन्नडमधून इंग्रजीत जाताना स्पेलिंगं बदललेली असतात, म्हणून हे काम आदल्या दिवसावर टाकू नये.

डिसेंबरात तारखा धरताना हलग्याजवळच्या सुवर्णसौधातलं कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आधी बघा. त्या दिवसांत लॉज मिळत नाहीत, हमरस्त्यावर मोर्चे असतात, बंदोबस्तामुळं धारवाडकडची गाडी कधी येईल सांगता येत नाही. एक नोव्हेंबर म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि इथल्या मराठी माणसांचा काळा दिवस, त्याच्या आसपास बाहेरच्या संघाला बोलवूच नये. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की सगळ्यात आधी दोन्ही राज्यांच्या बस थांबतात. मग इकडची बस निपाणीपर्यंत, तिकडची कागलपासून, मधलं अंतर मिळेल त्या वाहनानं. चंदगडच्या बाजूला हेच बाची आणि शिनोळीच्या मध्ये होतं. अशा दिवसांत रेल्वे बरी.

साहित्य संमेलनात स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांनी सकाळची ग्रंथदिंडी धरावी, उद्घाटनाचं सत्र लांबतं हे गृहीत धरावं आणि दुपारच्या जेवणाला वाढायला उभं राहावं. कडोली, येळ्ळूर, उचगावला पंगतीत वाढल्यानं जेवढ्या ओळखी होतात तेवढ्या व्यासपीठावर होत नाहीत. कवी संमेलन शेवटी असतं, बस त्याच्या आधी असते.

शिबिराचं स्वयंपाकघर पोरांच्याच हातात असतं, म्हणून आकडे. पन्नास जणांच्या नाश्त्याला चार किलो जाडे पोहे, दोन किलो कांदा, पाऊण लिटर तेल. पोहे एकदम भिजवले की तळाचा गोळा होतो. किलो-किलोनं चाळणीत भिजवून निथळत ठेवावेत आणि दोन घाण्यांत करावेत. दुपारी पाच किलो तांदूळ आणि दोन किलो तूरडाळ पुरते, भाकरी गावातल्या घरांतून गोळा होतात. चहाला तीन लिटर दूध, दोन लिटर पाणी, सातशे ग्रॅम साखर. गॅसची टाकी एक जास्त ठेवावी, कारण ती संपते तेव्हा पहाटेचे साडेपाच असतात आणि दुकान नऊला उघडतं. मुक्काम सरकारी मराठी शाळेत असेल तर मुख्याध्यापकांना विचारून वर्गाची किल्ली आदल्या दिवशीच घ्यावी. संध्याकाळच्या कार्यक्रमाला पोलिसांकडं द्यायचा अर्ज कन्नडमधून असला तर लवकर हलतो, त्यासाठी वर्गातला एक कन्नड मित्र वर्षभर जपावा. लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद.

आणि एवढं करूनही बस चुकलीच, तर स्थानकात बसून राहू नये. घरी फोन, मग हॉस्टेलातल्या मित्राला फोन, आणि त्यानं रेक्टरना नऊच्या आत विचारायचं. नऊनंतर विचारलं तर "नाही" हेच उत्तर येतं. सकाळची पहिली गाडी बहुतेक गावांतून शहराकडं दूध घेऊन येते, ती उलट फिरते तेव्हा रिकामी असते. तिनं घरी जाऊन, आंघोळ करून, दहाच्या तासाला परत येता येतं.