ठाण्याच्या बाल्कनीतली कुरडई: या उन्हाळ्याची नोंद

बटाट्याचा कीस आणि साबुदाण्याच्या पापड्या मार्चमध्येच उरकल्या. त्या कुठेही जमतात, म्हणून त्यांच्यावर फार लिहीत नाही. एप्रिलमध्ये गव्हाच्या कुरडया हातात घेतल्या, त्याही घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत. माझं माहेर जळगावचं. तिकडे एप्रिलमध्ये पारा 42–43 वर असतो, दुपारी हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास येते आणि सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी कडेकडेने खडखडीत झालेली असते. ठाण्यात पारा 35–36 चा, पण हवा दमट, आर्द्रता 60–70 टक्क्यांच्या घरात. त्यामुळे ‘इथे कुरडई होतच नाही, विकतची आण’ हे मी बऱ्याच जणींकडून ऐकलं होतं. होते. चांगली होते. किनाऱ्याजवळ राहून वाळवणं करणाऱ्या तुमच्यासारख्यांसाठीच ही नोंद जरा सविस्तर लिहिते आहे.

गहू घेतला लोकवन. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडेही मिळतो आणि चीक, म्हणजे भिजवून वाटलेल्या गव्हाचा पांढरा दाट रस, पांढराशुभ्र पडतो. (लोकवन म्हणजे लोक-1, गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं वाण. आपल्या घराघरात ते इतकं रुळलं आहे की बाहेरून आलं असेल असं वाटतही नाही.) एका वेळी एक किलोच घेतला. माहेरी पायलीच्या हिशोबात काम चालतं, पण तिथे हाताखाली चार बायका असतात आणि अख्खी गच्ची असते. एक किलोचा चीक दोन माणसांना सकाळी नऊच्या आत हाटून, पाडून होतो. शहरातल्या घरासाठी हेच माप मला बरोबर वाटतं.

गहू तीन दिवस भिजवायचा आणि रोज सकाळी पाणी बदलायचं. बदलायचं म्हणजे सगळं ओतून, गहू दोनदा धुऊन नवं पाणी घालायचं. उकाड्यात मी संध्याकाळीही बदललं. या भिजण्यातच कुरडईची निम्मी चव ठरते. पाण्यात आंबवणारे जिवाणू वाढतात, दाणा मऊ पडतो आणि आतलं पिष्ट (स्टार्च) सुटं व्हायला लागतं. तिसऱ्या दिवशी दाणा चिमटीत दाबला की दुधासारखा पांढरा थेंब बाहेर येतो. तो आला की गहू तयार. नाही आला तर आणखी एक रात्र थांबायचं, घाईने वाटलेल्या गव्हातून चीक कमीच निघतो.

आता वास. भिजलेल्या गव्हाचं पाणी ओतताना जो आंबूस दर्प येतो, तो खान्देशात, विदर्भात, मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला उन्हाळ्याची आठवण करून देतो. आमच्या मजल्यावर तशी माणसं कमी. तिसऱ्या सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘सातव्या मजल्यावर ड्रेनेज तुंबलं आहे का?’ असा प्रश्न पडला. मी उत्तर टाइप करेपर्यंत दोघांनी दुजोरा दिला, एकाने पाण्याच्या टाकीबद्दल शंका काढली आणि सेक्रेटरींनी प्लंबर पाठवूनही दिला. प्लंबर धाराशिवकडचा. पॅसेजमध्ये उभा राहून त्याने एकदाच श्वास घेतला आणि हातातला पाना पिशवीत ठेवला. सेक्रेटरींकडे वळून म्हणाला, “साहेब, पाइप बरोबर आहे. कुणाच्या तरी घरी चीक पडायचाय.” मग माझ्या दाराशी येऊन, “ताई, कधी हाटणार?” म्हणून वेळही विचारून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तो वाटी घेऊन हजर होता. सेक्रेटरी त्याच्या मागे, वाटी न घेता, पण आले होते.

वाटण्याचं काम मिक्सरवर छान होतं. गहू आणि पाणी बरोबरीने घालून थांबून थांबून फिरवायचं, भांडं तापू द्यायचं नाही. पिष्ट तापलं की फुगून चिकट होतं आणि मग गाळताना हाताला ओढ लागते. वाटलेलं सुती कापडातून पिळायचं, चोथा पुन्हा पाण्यात कालवून एकदा वाटायचा, पुन्हा पिळायचा. दुसऱ्या पिळण्यात निघणारा चीक पुष्कळ असतो, तो सोडू नका. गव्हातलं चिवट प्रथिन बरंचसं चोथ्यात राहतं, पिष्ट पाण्याबरोबर खाली येतं. मग सगळं उंच पातेल्यात रात्रभर ठेवायचं, हलवायचं नाही. पिष्ट पाण्यापेक्षा जड असल्याने सावकाश तळाशी बसतं आणि वर पिवळसर निवळ राहते.

ती निवळ काढणं हा माझ्या मते कुरडईतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण आहे आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आई पातेलं तिरकं करून एका धारेत ओतते, तिचा हात बसलेला आहे. मी वाटीने वरूनच उपसत आले आणि शेवटचा बोटभर थर राहिला तेव्हा पातेलं कलतं केलं. पिवळं पाणी जितकं निघेल तितकी कुरडई पांढरी आणि तिचा आंबटपणा बेताचा. ज्यांना आंबट कुरडई आवडते त्यांनी थोडं राहू द्यावं. आमच्याकडे नवऱ्याला तसाच स्वाद हवा असतो, म्हणून दुसऱ्या खेपेला एक पातेलं त्याच्यासाठी वेगळं बसवलं. दोन्ही तळल्यावर शेजारी ठेवून पाहिल्या. आंबट वरणभाताबरोबर खुलते, पांढरी पुरणपोळीच्या ताटात.

हाटणं. घट्ट चीक वाटीने मोजला आणि तितकंच पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळायला ठेवलं. पाण्यात मीठ आणि सढळ हिंग. मीठ चवीला कमीच वाटलं पाहिजे, कारण वाळल्यावर ते वर येतं. पाणी खळखळलं की आच मध्यम करून चीक बारीक धारेने सोडायचा आणि दुसऱ्या हाताने लाकडी दांड्याने सतत हाटायचं. इथे दोन माणसं लागतातच, एक धार धरायला, एक हाटायला. पाऊण मिनिटात दांडा जड होतो. दुधाळ पांढरा रंग जाऊन चीक काचेसारखा झळकायला लागला की झाकण ठेवून मंद आचेवर दहाएक मिनिटं वाफ द्यायची, मध्ये दोनदा हलवायचं. ओलं बोट लावलं आणि चिकटलं नाही की शिजला.

हे चालू असताना आई व्हिडिओ कॉलवर होती. तिला पातेलं दिसत नव्हतं, वाफेने कॅमेरा धुरकट झाला होता, तरी तिच्या सूचना थांबल्या नव्हत्या. शेवटी म्हणाली, “दिसत नाही तर नाही, फोन जवळ धर, मला आवाज ऐकू दे.” मी फोन पातेल्याशी नेला. चीक शिजत आला की त्यातून बुडबुडे जाड, सावकाश फुटतात, तो आवाज वेगळाच असतो. तिने जळगावात बसून ऐकलं आणि सांगितलं, “अजून दोन मिनिटं.” दोन मिनिटांनी बोट लावलं, चिकटलं नाही.

गरम चिकाच्या वाट्या हा कुरडईच्या सकाळचा हक्काचा नाश्ता. आमच्याकडे कच्चं तेल आणि तिखट घालून खातात, मुलांना दूध-साखर. या वेळी शेजारच्या घरातल्या गुजराती बा वास घेत आल्या, वाटीत डोकावल्या आणि एकदम खूश होऊन म्हणाल्या, “आ तो खीचु छे!” त्यांचा खीचु तांदळाच्या पिठाचा असतो, पण त्याचं रूप आणि खायची रीत तीच. बा घरी गेल्या आणि मेथीच्या लोणच्याचा कोरडा मसाला घेऊन आल्या. गरम चीक, वर शेंगदाण्याचं तेल, त्यावर तो मसाला. करून बघाच. मेथीचा किंचित कडवटपणा आणि चिकाचा आंबूसपणा एकमेकांना असे काही धरतात की आता आमच्या घरात तिखट मागे पडलं आहे. आईला फोनवर सांगितलं तर क्षणभर गप्प बसली आणि मग विचारलं, “मसाल्यात बडीशेप आहे का?” म्हणजे तीही करणार.

सोऱ्यात चीक गरम असतानाच भरायचा, थोडा थोडा, बाकीचा झाकून. बारीक भोकांची चकती. जळगावच्या कुरडया बशीएवढ्या, चार-पाच वेढ्यांच्या असतात. दमट हवेत मी त्या तळहातापेक्षा लहान आणि दोनच वेढ्यांच्या घातल्या. वेढ्यांवर वेढे चढले की मधला भाग ओला राहतो आणि किनाऱ्याच्या हवेत तिथेच बुरशी धरते. सोऱ्या दाबायला नवरा होता, त्याच्या जोडीला तो प्लंबर. एकदा त्याने सोऱ्या हातात घेतला आणि मग परत दिलाच नाही. त्याच्या कुरडया इतक्या एकसारख्या गोल होत्या की सेक्रेटरींनी फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘ड्रेनेजचा प्रश्न मिटला आहे.’

वाळवणं हा आमच्या दमट भागातला खरा पेच. माझा अनुभव सांगते: इथे उन्हापेक्षा वाऱ्याची चिंता करा. दमट हवा फारसं पाणी उचलत नाही, म्हणून कुरडईभोवतीची हवा सतत बदलत राहायला हवी. नेहमीप्रमाणे प्लॅस्टिकच्या कागदावर घातल्या, पण दुपारी वरची बाजू सुकून त्या अलगद सुटायला लागल्या तशा उलटवून जाळीवर घेतल्या. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर मच्छरदाणीची धुतलेली जाळी ताणून बांधली, त्यामुळे खालूनही वारा लागतो. आमची बाल्कनी पश्चिमेची, दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि तो मोठं काम करतो. संध्याकाळी जाळीसकट सगळं आत, रात्रभर पंख्याखाली. रात्री बाहेर ठेवल्या तर पहाटेचा दमटपणा दिवसभराची कमाई परत घेतो. माहेरी दीड दिवसात जे होतं त्याला इथे साधारण दुप्पट वेळ लागला. मोडल्यावर कट् असा आवाज आला, मध्ये कुठे वाकली नाही, तेव्हाच डब्यात भरल्या.

कबुतरांचा बंदोबस्त मात्र माणसांनीच करावा लागतो. मजल्यावरची तीन मुलं राखणीला बसवली, हातात पिचकाऱ्या. मजुरी ठरली अर्ध्या वाळलेल्या कुरडयांची. ज्यांनी लहानपणी राखण केली आहे त्यांना माहीत आहे, बाहेरून कडक, आतून चिवट अशी ती कुरडई तळलेलीपेक्षा भारी लागते. तासाभराने मी गेले तर जाळी छान भरलेली दिसली, फक्त कुरडया आधीपेक्षा लांब लांब अंतरावर होत्या. मुलांनी एक अख्खी ओळ फस्त करून उरलेल्या नीट पसरवून ठेवल्या होत्या. सगळ्यात धाकटीला विचारलं, “कबुतर आलं होतं का गं?” ती गंभीरपणे म्हणाली, “आलं होतं. पण त्याला आवडल्या नाहीत.”

तळून पाहिल्या त्या दिवशी बा, प्लंबर, सेक्रेटरी, मुलं, सगळ्यांना बोलावलं. तेल चांगलं तापायला हवं. एक तुकडा टाकला की लगेच वर येऊन फुलला पाहिजे. कुरडईत राहिलेल्या जराशा ओलाव्याची झटकन वाफ होते आणि तीच तिला फुलवते. कोमट तेलात ती नुसती तेल पिते. उलथण्याने हलकं दाबत फुलवायची, रंग बदलायच्या आत काढायची. या वेढ्यात लहान होत्या तरी कढईत तिपटीने फुलल्या.

चोथा टाकू नका. त्यात तिखट, मीठ, तीळ, जिरं, ठेचलेला लसूण आणि कोथिंबीर घालून वड्या थापल्या, त्या भुसवड्या. त्याच जाळीवर वाळवल्या. खिचडीबरोबर तळून खायला कुरडईपेक्षा मला त्याच जास्त आवडतात. कुरडयांचा मोडका चुराही जपून ठेवला आहे, पावसाळ्यात घरात भाजी नसली की गरम पाण्यात भिजवून, कांदा-लसणाच्या फोडणीत टाकून खान्देशी पद्धतीची कुरडईची भाजी करायला.

डबे पत्र्याचे, तळाशी कागद, मध्ये हिंगाचा खडा. पहिल्या पावसाआधी एकदा पुन्हा ऊन दाखवणार आहे.

आता बिबड्या, म्हणजे ज्वारीचे खान्देशी पापड. ज्वारी भिजत घातली आहे. त्यांना कापडावर पसरावं लागतं, म्हणून जाळीवर माझी सुती साडी अंथरून पाहणार आहे. दमट भागात कुणी बिबड्या केल्या असतील तर साडीवरून त्या कोणत्या वेळी सोडवल्या तेवढं नक्की कळवा. वळीव कधी कोसळेल त्याचा नेम नाही आणि मृगाच्या आत उरकायचं आहे. प्लंबरने आजच फोन करून तारीख विचारली.